गाडीच्या फटींतलं किटण: हात न पोचणाऱ्या जागा कशा साफ कराव्यात

गाडी धुऊन झाली, काचा लख्ख झाल्या, सीटवरून व्हॅक्यूम क्लीनर फिरला, तरी आत बसल्यावर गाडी मळकीच वाटते. सहज नजर जात नाही अशा जागा राहून गेलेल्या असतात: एसीच्या पट्ट्यांची मागची बाजू, गिअरच्या बुडाची खाच, सीट आणि कन्सोल (पुढच्या दोन सीटांमधला भाग) यांच्यातली फट, दाराच्या बिजागऱ्या, रिमची आतली बाजू. तिथे धूळ आणि तेलकटपणा एकमेकांना धरून बसतात आणि हळूहळू त्याचं किटण होतं. नेहमीच्या पुसण्याने ते निघत नाही. उलट फडक्याने लोटलेली धूळ त्याच फटीत जाऊन बसते आणि थर वाढत जातो.

पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने एवढं धरून ठेवावं: फटीतली घाण बाहेर ओढायची असते, आत ढकलायची नसते. ब्रश कसा धरायचा, पाणी कधी वापरायचं, फवारा कशावर मारायचा, हे सगळं त्यावरूनच ठरतं.

आणि सगळी गाडी एका दिवसात उरकायला जाऊ नका. आतलं काम एका दिवशी, बाहेरचं दुसऱ्या दिवशी. हात दमला की घाई होते, आणि घाईत एसीच्या पट्ट्या निखळतात, बटणांवर ओरखडे येतात.

## घाण कसली आहे ते आधी बघा

सगळ्या मळाला एकच औषध चालत नाही. टॉर्च घेऊन एकदा गाडीभर फिरा आणि कुठे काय साचलंय ते नीट बघा.

सुटी धूळ, वाळू, केस, खाण्याचा चुरा हे सगळं कोरडंच निघतं. त्यावर पाणी पडलं की चिखल होतो आणि तो फटीत आणखी खोल उतरतो. म्हणून ओलं फडकं नेहमी दुसऱ्या पाळीला.

कप ठेवायच्या खोबणीतला काळा चिकटा बहुतेक वेळा सांडलेल्या गोड पेयाचा असतो. साखर पाण्यात विरघळते, त्यामुळे तिथे कुठलंही रसायन लागत नाही. कोमट पाणी आणि दहा मिनिटं पुरतात.

स्टीअरिंग, गिअरची मूठ, दाराचं हँडल आणि सीटबेल्ट यांच्यावरचा मळ हाताच्या तेलाचा आणि घामाचा असतो. तो नुसत्या पाण्याने हलत नाही, त्याला साबण लागतो.

दाराच्या खालच्या कडेला आणि चाकांच्या मागे बसलेले काळे टणक ठिपके डांबराचे. ते साबणाला दाद देत नाहीत, त्यांना डांबर विरघळवणारं द्रावणच लागतं.

आणि रिमवरची तपकिरी काजळी ही ब्रेकची पूड. तिच्यात लोखंडाचे कण असतात, तेही ब्रेक दाबताना तापून उडालेले. ते रिमच्या थरात रुतून बसतात आणि मग तिथेच गंजतात. यासाठी वेगळं रसायन मिळतं, ते पुढे येईलच.

## सामान

फार काही लागत नाही. निमुळत्या तोंडाचा व्हॅक्यूम क्लीनर, दोन-तीन मऊ ब्रश, जुना पण मऊ टूथब्रश, बांबूच्या काड्या, कापसाच्या काड्या, पाच-सहा मायक्रोफायबर फडकी, दोन बादल्या आणि टॉर्च. ब्रश म्हणून दाढीचा किंवा रंगकामाचा मऊ ब्रश उत्तम चालतो. मात्र केस जिथे दांड्यात बसवलेले असतात तिथे बहुतेक ब्रशना पत्र्याचं कडं असतं. त्याच्याभोवती इन्सुलेशन टेप घट्ट गुंडाळा. फटीत ब्रश फिरवताना हेच कडं प्लॅस्टिकवर घासतं, आणि चकचकीत काळ्या प्लॅस्टिकवर उठलेला ओरखडा परत जात नाही.

साबण म्हणून बाहेरच्या भागाला कार शाम्पू आणि आतल्या भागाला पातळ केलेला ऑल-पर्पज क्लीनर घ्या. साधारणपणे १ भाग क्लीनरला १० भाग पाणी हे आतल्या प्लॅस्टिकसाठी पुरेसं असतं. बाटलीवर वेगळं प्रमाण दिलं असेल तर ते पाळा. ब्लीच, भांडी घासायची पावडर आणि तारेची घासणी यांना गाडीजवळही आणू नका. कुठलंही नवीन द्रावण आधी सीटखाली किंवा दाराच्या आतल्या कडेला थोडंसं लावून बघा.

पांढरा ‘मॅजिक’ स्पंज हल्ली बरेच जण सुचवतात. तो मळ काढतो हे खरं, पण काढतो तो बारीक पॉलिशपेपरसारखा घासून. लेदरचं स्टीअरिंग किंवा चमकदार प्लॅस्टिक यांवर तो नको. फटीत दाबायची रंगीत जेलीही मला पसंत नाही. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डवर ती मऊ पडते, तिचे तुकडे स्पीकरच्या जाळीत आणि बटणांच्या कडेला राहतात, आणि मग ते काढत बसावं लागतं.

## पहिला दिवस: आत, कोरडं काम

गाडी सावलीत लावा, इग्निशन बंद करा, चटया आणि सगळं सुटं सामान बाहेर काढा. लहान मुलांची सीट असेल तर तीही काढा, तिच्याखाली बराच चुरा निघतो. परत बसवताना मात्र पुस्तिकेतल्या सूचनेप्रमाणेच बसवा.

सुरुवात वरून करायची, कारण झटकलेली धूळ खालीच येणार. आधी डॅशबोर्ड, मग कन्सोल, मग सीट, शेवटी कार्पेट.

एसीचे व्हेंट. हे जरा सावकाश करा, कारण इथली धूळ थेट नाकात जाते. एका हातात व्हॅक्यूमचं तोंड व्हेंटपासून दोन बोटं अंतरावर धरा, दुसऱ्या हातात कोरडा मऊ ब्रश. ब्रश पट्टीच्या आतल्या टोकाला टेकवा आणि स्वतःकडे ओढत आणा. सुटलेली धूळ हवेतच खेचली जाते. पट्ट्या पूर्ण वर करून एक बाजू झाली की पूर्ण खाली करा, आता मागची बाजू समोर येते. बहुतेक जण इथेच थांबतात आणि आडव्या पट्ट्यांमागच्या उभ्या पट्ट्या विसरतात. टॉर्च तिरका धरला की त्यांच्यावरचा राखाडी थर दिसतो. त्यासाठी बांबूच्या काडीचं टोक बोथट करा, त्यावर मायक्रोफायबरचा छोटा तुकडा एकच वेढा देऊन गुंडाळा आणि किंचित ओलसर करून पट्टीवरून बाहेरच्या दिशेने फिरवा. दोन-तीन पट्ट्यांतच तुकडा काळा होतो, तेव्हा भरपूर तुकडे कापून ठेवा. व्हेंटमध्ये थेट फवारा कधीच मारू नका. पाणी आत उतरलं तर धुळीचा लगदा होऊन तिथेच वाळतो.

पट्ट्या झाल्या की सगळी दारं उघडा, गाडी उघड्यावरच आहे याची खात्री करून सुरू करा आणि पंखा मिनिट-दोन मिनिटं पूर्ण वेगाने चालवा. आत सुटलेली धूळ उडून बाहेर येते. तोंडाला मास्क असू द्या. मग गाडी बंद करून व्हेंटवर एकदा कोरडा ब्रश फिरवा.

एवढं करूनही हवेला कुबट वास येत असेल तर केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, तपासा. बऱ्याच गाड्यांत तो ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो. कागदी फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा असतो, साधारण वर्षातून एकदा. नेमका काळ गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. नवा बसवताना त्यावरचा बाण हवेच्या प्रवाहाच्या दिशेने आहे ना ते पाहा.

बटणं आणि जोड. डॅशबोर्डवर दोन भाग जिथे जुळतात तिथे केसाएवढी फट असते आणि ती धुळीने भरून पांढुरकी दिसते. ब्रश फटीला समांतर चालवा, आडवा नको. आडव्या ब्रशने धूळ आत जाते. स्क्रीनच्या कडेला कोरडी कापसाची काडी पुरते.

सीट आणि कन्सोलमधली फट. सीट पूर्ण मागे घ्या, पुढून साफ करा. मग पूर्ण पुढे घ्या, मागून साफ करा. व्हॅक्यूमचं तोंड जात नसेल तर त्याला पातळ रबरी नळीचा तुकडा टेपने जोडता येतो. फक्त टेप लावताना बाजूने थोडी जागा मोकळी ठेवा, नाहीतर हवा अडून मोटरवर ताण येतो. फटीत आधी टॉर्च मारा, मगच हात घाला. टाचण्या, ब्लेड, काचेचे तुकडे तिथे सापडतात.

सीटखाली वायरी असतात आणि त्यांतले पिवळ्या रंगाचे कनेक्टर बहुधा एअरबॅगच्या यंत्रणेचे असतात. ते ओढू नका, सोडवू नका, ओले करू नका. व्हॅक्यूमचं तोंडही त्यांत अडकू देऊ नका. सीटच्या रुळांवर दिसणारा काळा चिकट थर सगळाच मळ नसतो. त्यात ग्रीस असतं आणि सीट सरकायला ते लागतं. म्हणून रूळ साबणाने धुऊ नका, त्यात अडकलेले केस आणि खडे तेवढे काडीने उचला.

सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळते ती फट तळहाताने दाबून उघडी धरा आणि व्हॅक्यूम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश न्या. कार्पेटमध्ये रुतलेली वाळू नुसत्या ओढीने येत नाही. ब्रशच्या दांड्याने हलके टोले देत गेलात की वाळू वर उसळते आणि लगेच खेचली जाते.

## आत, ओलं काम

इथून पुढे फवारा नेहमी फडक्यावर किंवा ब्रशवर मारायचा, गाडीच्या भागावर नाही. बटणांच्या आसपास तर हा नियम कधीच मोडू नका.

कपाच्या खोबणीत रबरी वाटी असेल तर ती काढून कोमट साबणपाण्यात भिजत टाका. नसेल तर कोमट पाण्यात पिळलेलं फडकं खोबणीत कोंबून ठेवा आणि दुसऱ्या कामाला लागा. परत याल तेव्हा चिकटा मऊ झालेला असतो. तळाशी जिथे भिंत मिळते तिथे टूथब्रश गोल फिरवा आणि निघालेला काळा रस लगेच टिपून घ्या. टिपायला उशीर केला तर तोच पुन्हा खाचेत बसतो.

गिअरच्या बुडाशी असलेल्या लेदरच्या पिशवीला घड्या असतात. दोन बोटांनी एकेक घडी ताणून उघडा आणि ओलसर फडक्याने पुसा. स्टीअरिंगच्या शिवणीत मळ दोऱ्याच्या दोन्ही बाजूंना बसलेला असतो. ब्रशवर थोडा फेस घ्या, शिवणीच्या दिशेने चार-पाच वेळा फिरवा आणि फेस राखाडी झाला की लगेच कोरड्या फडक्याने उचला. दुसऱ्या फेरीला फेस पांढराच राहिला की तिथलं काम झालं. बारीक छिद्रं असलेल्या लेदरवर मात्र फेसही बेताने, फक्त फडक्यावर घेऊन.

सीटबेल्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. तो परत गुंडाळला जायला वेळ घेत असेल तर पट्ट्यावर आणि तो ज्या कड्यातून फिरतो तिथे मळ साचलेला असू शकतो. पट्टा पूर्ण बाहेर ओढा आणि परत जाऊ नये म्हणून वरच्या टोकाला कपड्याचा मोठा चिमटा लावा. सौम्य साबणपाण्यात पिळलेल्या फडक्याने वरून खाली पुसा, मग साध्या ओल्या फडक्याने साबण काढा. कड्याच्या आत फडक्याची पट्टी घालून पुढेमागे ओढा. पट्टा पूर्ण वाळेपर्यंत चिमटा काढू नका. रात्रभर ठेवलात तर सर्वांत चांगलं. ओला पट्टा आत गेला की त्याला बुरशी धरते. ब्लीच किंवा तीव्र रसायन इथे अजिबात चालणार नाही, त्याने पट्ट्याचे धागे कमजोर होतात आणि अपघातात सगळा भार त्याच धाग्यांवर येतो. बकलमध्ये पाणी ओतू नका.

समोरच्या काचेचा खालचा कोपरा डॅशबोर्डच्या आड जातो. तळहाताने तिथे पोचता येत नाही, पण हात उलटा करून बोटांच्या मागच्या बाजूने फडकं दाबलं की ते कडेपर्यंत जातं. बाजूच्या काचा चार बोटं खाली घ्या, मग वरच्या कडेला रबराच्या आड दडलेली काळी रेघ पुसता येते. काचांवर फिल्म असेल तर अमोनिया नसलेलाच क्लीनर वापरा.

शेवटी डॅशबोर्डला चकाकी आणणारं तेलकट पॉलिश लावायचा मोह होतो. लावू नका. तेलावर धूळ बसते आणि आत्ता मोकळ्या केलेल्या फटी लवकरच भरतात. स्टीअरिंग आणि पेडल यांना तर ते कधीच लावायचं नाही; पाय घसरला तर जिवावर बेतेल.

## दुसरा दिवस: चाकं आणि त्यांच्या आजूबाजूचं

बाहेरच्या कामात चाकं आधी घ्या, कारण त्यांची घाण बाकी गाडीवर उडते. चाकांची बादली, ब्रश आणि फडकं वेगळं ठेवा. ब्रेकच्या पुडीचे कण लागलेलं फडकं बोनेटवर फिरलं तर रंगावर जाळ्यासारखे ओरखडे उठतात.

गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर रिम पूर्ण गार होऊ द्या. गरम रिमवर रसायन लगेच वाळतं आणि डाग पडतात. आधी पाण्याचा भरपूर मारा करून सुटी घाण घालवा, मग साबण आणि लांब दांड्याचा मऊ ब्रश. ब्रश आऱ्यांच्या मधून आत घालून रिमची आतली बाजू घासा. पुढच्या चाकांना जास्त वेळ द्यावा लागतो, कारण ब्रेकचा जास्त भार पुढच्या चाकांवर असतो आणि पूडही तिथेच जास्त उडते. नटांच्या खड्ड्यांत टूथब्रश उभा धरून फिरवा.

साबणानंतरही तपकिरी ठिपके राहिले तर लोखंड काढणारं द्रावण, म्हणजे आयर्न रिमूव्हर, फवारा. लोखंडाशी गाठ पडली की ते जांभळं होतं आणि ओघळू लागतं. बाटलीवर दिलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबू नका, वाळू देऊ नका, भरपूर पाण्याने धुवा. वास उग्र असतो, तेव्हा हातमोजे घाला आणि मोकळ्या हवेतच काम करा. आम्लयुक्त व्हील क्लीनर नवख्या माणसाने टाळावा, त्याने रिमचा वरचा थर खराब होऊ शकतो.

मडगार्डच्या आतला चिखल काढायला गाडी सपाट जागी लावून हँडब्रेक ओढा आणि स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा. आता चाकाच्या मागची जागा मोकळी होते. वाळलेला चिखल उकरू नका, आधी पाणी मारून भिजू द्या. मडगार्डची कड आत दुमडलेली असते आणि त्या दुमडीत चिखल ठासून बसतो. तो ओलावा धरून ठेवतो आणि गंज तिथून सुरू होतो. तिथे हातमोजा घालून बोटांनीच चाचपून काढा. प्रेशर वॉशर वापरत असाल तर तोंड किमान ३० सेंटिमीटर लांब ठेवा आणि टायरच्या बाजूवर, रबरी सीलवर, वायरींवर थेट मारू नका.

डांबराच्या ठिपक्यांवर डांबर काढायचं द्रावण फडक्यावर घेऊन मिनिटभर टेकवून ठेवा. ठिपका पाझरू लागला की पुसून घ्या. नखाने खरवडू नका. जवळच्या रबराला द्रावण लागलं तर लगेच साबणाने धुवा.

## पाणी वाहून जायच्या वाटा

गाडीत पाणी कधी ना कधी शिरणारच, म्हणून ते बाहेर जायला जागोजागी छिद्रं ठेवलेली असतात. ती बुजली की खरं नुकसान सुरू होतं.

बोनेट उघडून समोरच्या काचेच्या बुडाशी वायपरखालची जाळी बघा. पानं, काड्या आणि माती यांचा गाळ तिथे साठतो. त्याने पाण्याची वाट अडली तर पाणी एसीच्या पंख्याकडे किंवा थेट आत पायांशी येतं. पानं हाताने वेचा, उरलेलं व्हॅक्यूमने घ्या, आणि मगच थोडं पाणी ओतून ते खाली वाहतंय ना ते पाहा. पाण्याने गाळ आधीच ढकललात तर तो छिद्रातच अडकेल.

प्रत्येक दाराच्या तळाशीही बारीक चिरा असतात. दार हलवल्यावर आत पाणी डचमळल्याचा आवाज आला तर त्या बुजलेल्या आहेत असं समजा. प्लॅस्टिकच्या केबल टायचं टोक त्यांत घालून हलकेच फिरवा. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतही नळ्यांची तोंडं असतात. तिथे तार घालू नका आणि जोराची हवाही मारू नका, आतली नळी जोडातून निसटू शकते. मऊ नायलॉनची दोरी सावकाश आत सरकवली तर पुरते.

दाराच्या चौकटी आणि बिजागऱ्या पाइपने धुऊ नका, साबणाचा ब्रश आणि पिळलेलं फडकं बरं. बिजागरीतलं काळं ग्रीस निघालं तर वाळल्यावर तिथे परत थोडं ग्रीस लावा. इंधनाच्या झाकणाच्या पोकळीत टोपी घट्ट लावलेली ठेवूनच ब्रश फिरवा. डिक्कीच्या कडेची पन्हळ पुसा आणि खालचं फळकट उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात हात फिरवा. तिथे ओल लागली तर रबराच्या कडा तपासा.

बोनेटखाली नवख्याने इतकंच करावं: इंजिन गार झाल्यावर प्लॅस्टिकच्या आवरणांवर कोरडा ब्रश आणि ओलसर फडकं. पाण्याचा मारा नको. हायब्रिड किंवा विजेच्या गाडीत जाड नारिंगी केबल दिसतात, त्यांत उच्च दाबाची वीज असते, त्यांच्या आसपास हातच घालू नका. रेडिएटरच्या जाळीवर चिकटलेले किडे ओलं फडकं टेकवून भिजवा. मागच्या ॲल्युमिनिअमच्या पात्या बोटाच्या दाबानेही वाकतात, तिथे ब्रश दाबून चालवू नका.

सगळं झाल्यावर दारं, डिक्की आणि बोनेट उघडं ठेवून गाडी वाळू द्या. आतले दिवे मात्र बंद करा, नाहीतर बॅटरी उतरते. मग मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात थोडं अंतर जा आणि तीन-चार वेळा हलका ब्रेक दाबा. चाकं धुताना ब्रेकच्या डिस्क ओल्या झालेल्या असतात. पहिल्या एक-दोन दाबांत ब्रेक थोडा ढिला वाटेल किंवा खरखरेल, नंतर नेहमीसारखा लागेल. तोवर वेग वाढवू नका.